नोकरी गेल्यानंतरचे नव्वद दिवस

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एखाद्या कंपनीत महिना पंधरा हजारांवर काम करणाऱ्या कामगाराचे पगारपत्रक पाहिले, तर कपातीच्या रकान्यात ११३ रुपयांचा एक आकडा दिसतो. पगाराचा हा पाऊण टक्का. मालकाने त्यात आपले सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८ रुपये घालायचे असतात, आणि दोन्ही मिळून रक्कम कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जाते. बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरीच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये या कपातीला 'ईएसआय' म्हणतात आणि तिचा अर्थ 'दवाखान्याचे पैसे' असा ठरून गेला आहे. बायकोचे बाळंतपण, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, प्रेसखाली गेलेले बोट, या सगळ्याला तो पैसा उपयोगी पडतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच पैशात बेकारीचा भत्ताही आहे, हे मात्र नोकरी जाईपर्यंत फार थोड्यांच्या कानावर गेलेले असते. आणि कळते तेव्हा कित्येकदा कामगाराच्या हातून अशी एखादी सही होऊन गेलेली असते की, तो भत्ता मिळण्याचा मार्गच बंद व्हावा.

ती सही, तो भत्ता आणि त्यांच्यामधले अंतर हा या प्रस्तावनेचा विषय. अर्ज कसा भरायचा, कुठे द्यायचा, कोणते कागद जोडायचे याचा तपशील पुढच्या पानांत येईलच. त्याआधी हा हक्क आला कुठून, तो कोणाला मिळतो आणि कोणाच्या हातून निसटतो, हे समजून घेतले पाहिजे. कारण आपल्याकडच्या बेकारी भत्त्याचे नियम माणूस किती अडचणीत आहे हे विचारत नाहीत. नोकरी कशी गेली आणि ती गेल्याची नोंद कोणत्या शब्दांत झाली, एवढेच ते विचारतात. ही नोंद करणारा हात बहुतेक वेळा कामगाराचा नसतो.

छत्रपती संभाजीनगरला हा विषय परका नाही. रेल्वे स्टेशनजवळची पहिली औद्योगिक वसाहत, मग चिकलठाणा, मग वाळूज, पैठण रस्त्यावरचे चितेगाव, पुढे शेंद्रा आणि आता बिडकीन. हे शहर कारखान्यांच्या मागे मागे वाढत गेले. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतली एक अख्खी पिढी 'कंपनीत लागली'. पैठण, गंगापूर, वैजापूर, अंबड, जिंतूर, माजलगावची मुले इथे आली, शिफ्टच्या हिशेबाने जगायला शिकली आणि गावाकडच्या शेताला पगारातून खत-बियाणे पुरवू लागली. म्हणून इथल्या एका नोकरीवर दोन घरे चालतात, एक शहरातले आणि एक गावाकडचे. नोकरी गेली की दोन्ही एकदम अडचणीत येतात.

गुंतवणुकीच्या बातम्यांत येणाऱ्या नोकऱ्यांचा आकडा ठळक छापला जातो. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने बिडकीनच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, तेव्हा २० हजार कोटींची गुंतवणूक आणि ८ हजार थेट रोजगार हे दोन आकडे शहरात सर्वांच्या तोंडी होते. शहराने आनंद मानावा असेच ते आकडे आहेत. पण गेलेल्या नोकऱ्यांची अशी ठळक नोंद कुठे होत नाही. चितेगावच्या व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच एकेकाळी देशभरातल्या घरांत होते. २०१८ साली ही कंपनी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकांची थकबाकी किती, बोली कोणाची, तिला मंजुरी मिळाली की स्थगिती, याच्या बातम्या पुढची कित्येक वर्षे आल्या. पैठण रस्त्यावरच्या ज्या घरांचा पगार थांबला, त्यांनी पुढचे वर्ष कसे काढले, याबद्दल फार थोडे लिहिले गेले.

भारतात नोकरी गमावणाऱ्या प्रत्येकाला लागू होईल असा बेकारी भत्ता नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण अशा प्रसंगी सरकारी मदत यांचा हक्क सांगितला आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे, 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' आहे आणि त्याच्या जोरावर कोर्टात जाऊन भत्ता मागता येत नाही. इंग्लंडने १९११ साली सक्तीचा बेकारी विमा आणला. अमेरिकेत १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर राज्याराज्यांत ही व्यवस्था उभी राहिली आणि तिथल्या बहुतेक राज्यांत नोकरी गेलेल्याला साधारण २६ आठवड्यांपर्यंत भत्ता मिळतो. तिथेही स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला सहसा भत्ता नसतो. नोकरी कशी गेली हा प्रश्न जगभर विचारला जातो. फरक एवढाच की, तिथे मालकाने दिलेले कारण कामगाराला मान्य नसेल तर सरकारी कार्यालय दोघांचेही ऐकून घेते आणि त्यानंतर अपीलही करता येते. आपल्याकडे मालकाच्या नोंदीविरुद्ध उभे राहायचे तर वेगळी लढाई लढावी लागते आणि ती वर्षानुवर्षे चालते.

आपल्या विम्याची मुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आहेत. १९४२ ते १९४६ या वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम आले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल तयार झाला. त्यातूनच १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. ज्या शहरात बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभारले, त्या शहरातल्या कामगाराच्या पगारपत्रकावरची ही ओळ त्यांच्या मजूर खात्यातल्या कामाशी जोडलेली आहे, ही गोष्ट इथल्या प्रत्येक कंपनीच्या सूचनाफलकावर लिहून ठेवावी इतकी मोलाची आहे. आजारपण, बाळंतपण आणि कामावरचा अपघात या तीन संकटांसाठी तो विमा होता. बेकारी हे चौथे संकट. ते योजनेत यायला मात्र २००५ साल उजाडावे लागले. मधल्या काळात मुंबईचा गिरणी संप होऊन गेला होता. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या त्या संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगारांची घरे हलवली आणि त्यांच्यासाठी विमा योजनेत बेकारी भत्त्याची तरतूदच नव्हती.

१ एप्रिल २००५ रोजी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. कारखाना बंद पडला, कायदेशीर कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघातात किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तर विमाधारकाला भत्ता आणि त्याच्या कुटुंबाला दवाखान्याची सोय, असे तिचे स्वरूप. सुरुवातीला पाच वर्षांची वर्गणी लागत असे आणि भत्ता सहा महिने मिळे. पुढे अटी सैल होत गेल्या. २०१६मध्ये दोन वर्षांची वर्गणी पुरेशी ठरली, भत्त्याची मुदत दोन वर्षांपर्यंत गेली. पहिल्या वर्षी रोजच्या सरासरी वेतनाच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५ टक्के. कागदावर ही योजना चांगलीच उदार आहे. अडचण तिच्या दारावरच्या दोन शब्दांत आहे, 'बंद' आणि 'कपात'. वाळूज-चिकलठाण्यात कंपनी एका दिवसात रीतसर बंद होते असे क्वचितच घडते. आधी एक शिफ्ट बंद होते, मग कॉन्ट्रॅक्टवरची मुले कमी होतात, मग पगार दोन महिने लांबतो, मग एका सकाळी गेटवर कुलूप दिसते आणि आत कोणी नसते. बंद करण्याची परवानगी नाही, कपातीची नोटीस नाही. माणूस बेकार झालेला असतो आणि तो बेकार झाल्याचा कायदेशीर पुरावा मात्र कुठेच नसतो.

दुसरी योजना १ जुलै २०१८पासूनची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. तिने कारणांची व्याख्या रुंद केली. कारखाना बंद पडलाच पाहिजे, असे बंधन नाही. विमाधारक बेकार झाला, त्याची किमान दोन वर्षे विम्याची नोकरी झाली आहे आणि आधीच्या चारही वर्गणी-काळांत प्रत्येकी ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली आहे, एवढे पुरे. वर्गणी-काळ सहा महिन्यांचा असतो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ७८ दिवस म्हणजे त्यातल्या कामाच्या दिवसांपैकी साधारण निम्मे. पण भत्ता रोजच्या सरासरी वेतनाच्या फक्त २५ टक्के, आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि मागायचा तो नोकरी गेल्यानंतर ९० दिवस उलटल्यावर. शिवाय अर्ज जुन्या मालकाच्या हातून पुढे जायचा. ज्याने कामावरून काढले त्याच्याच सहीसाठी तीन महिन्यांनी परत त्याच गेटवर जायचे, अशी ती रचना होती. तिचा लाभ घेणारे थोडेच निघाले, यात कामगारांच्या अज्ञानापेक्षा रचनेचा दोष मोठा आहे.

मग २०२० आले. २४ मार्चच्या रात्री देश बंद झाला आणि औद्योगिक पट्ट्यातल्या लाखो माणसांची मिळकत एका दिवसात थांबली. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ सटाणा शिवारात रेल्वे रुळांवर थकून झोपलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. ही माणसे मध्य प्रदेशातली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले काम थांबले होते आणि भुसावळहून गाडी मिळेल या आशेने ती रुळांच्या कडेने चालत निघाली होती. त्या दिवशी रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र देशाने पाहिले. या जिल्ह्यातल्या माणसांना बेकारी भत्त्याची चर्चा करताना तो दिवस विसरता येत नाही आणि विसरू नये. काम थांबल्यावर हातात दोन-तीन महिन्यांचे पैसे आणि राहण्यापुरती हमी असती, तर कोणी रुळांवरून पायी निघते का, हा प्रश्न या विषयाच्या तळाशी आहे.

२० ऑगस्ट २०२० रोजी विमा महामंडळाने अटल योजनेच्या अटी सैल केल्या आणि तो बदल २४ मार्चपासून लागू केला. भत्ता २५ टक्क्यांवरून ५० टक्के झाला. ९० दिवस थांबण्याऐवजी नोकरी गेल्यानंतर ३० दिवसांनी दावा करता येऊ लागला. मालकाच्या सहीची वाट न पाहता विमाधारकाने थेट शाखा कार्यालयात अर्ज द्यावा, असे ठरले. चारही वर्गणी-काळांऐवजी बेकारीच्या लगेच आधीच्या काळात ७८ दिवस आणि उरलेल्या तीनपैकी एका काळात ७८ दिवस भरले तरी चालणार होते. प्रतिज्ञापत्राची अटही त्याच वर्षी पुढे काढून टाकली गेली. आधीच्या दोन वर्षांत टीकाकारांनी जे जे मागितले, त्यातले बरेचसे काही आठवड्यांत झाले. म्हणजे ते आधीही शक्य होते. ही योजना मुळात दोन वर्षांचा प्रयोग म्हणून सुरू झाली आणि तिची मुदत तुकड्यातुकड्यांनी वाढत आली आहे. कायद्याच्या पुस्तकात तिला अजून कायमची जागा नाही. दर महिन्याची कपात मात्र कायमची आहे. विम्याची रक्कम नेमाने घ्यायची आणि विम्याचे एक संरक्षण मुदतीवर ठेवायचे, हे न्यायाचे नाही.

रकमेचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडता येईल. रोजचे सरासरी वेतन ५०० रुपये असलेल्या कामगाराला ५० टक्क्यांनी दिवसाला २५० रुपये, ९० दिवसांचे २२,५०० रुपये. रांजणगावातली खोली, किराणा आणि एका मुलाची शाळा यांत तीन महिने कसेबसे निघतील एवढी ही रक्कम. ती मोठी नाही. पण सावकाराकडे न जाता, बायकोचे डोरले गहाण न टाकता पुढची नोकरी शोधायला या नव्वद दिवसांत माणसाला उसंत मिळते. ज्याच्या हातात काहीच नसते तो पहिले मिळेल ते काम घेतो, आठ हजारांवर, विम्याशिवाय. आणि पुढच्या वेळी नोकरी जाते तेव्हा तो पात्रतेच्या यादीतूनच बाहेर पडलेला असतो.

पात्रता कोणाची? ज्याचे वेतन महिना २१ हजारांच्या आत आहे, त्याची. ही मर्यादा १ जानेवारी २०१७पासून तशीच आहे. अपंग कामगारांसाठी ती २५ हजार आहे. मध्यंतरीच्या वर्षांत भाडे वाढले, गॅस वाढला, किमान वेतनही सरकले. आज पाच-सात वर्षे काम केलेला फिटर किंवा वेल्डर ओव्हरटाइम सोडूनही ही रेषा ओलांडू शकतो. त्याच्या हातात चार पैसे जास्त पडतात आणि विम्याचे छत्र मात्र जाते. शेंद्र्यातल्या कंपनीतला डिप्लोमा झालेला सुपरवायझर, २६ हजार पगार, गृहकर्जाचा हप्ता ११ हजार. याची नोकरी गेली तर त्याच्यासाठी भत्त्याची एकही योजना नाही. तो गरीब गणला जात नाही आणि सुरक्षितही नाही.

त्याहून बिकट प्रश्न आहे कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाचा. वाळूजमध्ये एकाच ओळीत उभ्या असलेल्या चार माणसांपैकी एक पर्मनंट, दोन ठेकेदाराचे आणि एक ट्रेनी असतो. काम चौघांचे सारखेच. कायद्याने ठेकेदाराच्या कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची आहे. त्याने भरावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणजे ठेकेदाराचा कामगारही हक्काने विमाधारक आहे. व्यवहारात काय होते? दर सहा-आठ महिन्यांनी 'ब्रेक' दिला जातो. ठेकेदार बदलतो. नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक विचारत नाही, नवा काढतो. विमा क्रमांक खरे तर आयुष्यभरासाठी एकच असतो. पण तीन क्रमांकांवर विखुरलेली दोन वर्षांची वर्गणी एकत्र मोजून घ्यायची तर शाखा कार्यालयात चकरा आल्या, जुन्या ठेकेदाराचा पत्ता आला, आणि तो ठेकेदार तोवर पुण्याकडे गेलेला असतो. दोन वर्षे घाम गाळलेला माणूस नोंदीत तीन वेगवेगळी, अपुरी माणसे होऊन बसतो.

ट्रेनींची गोष्ट तर आणखी वेगळी. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 'नीम' योजनेखाली मागच्या दशकात इथल्या आणि चाकणच्या कंपन्यांनी हजारो मुले घेतली. त्यांना विद्यावेतन मिळे. ती कामगार गणली जात नसल्याने त्यांची भविष्यनिधी किंवा विमा कपात होत नसे. दोन-तीन वर्षे लाइनवर उभे राहून ही मुले बाहेर पडली तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्यांची नोकरी गेलेलीच नव्हती, कारण ती कधी लागलीच नव्हती. जुलै २०२४मध्ये राज्य सरकारने आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेवाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरले. पहिले काम शिकणाऱ्यासाठी ते उपयोगी आहे. पण चाळिशीत नोकरी गमावलेल्या, दोन मुलांच्या बापासाठी ती योजना नाही आणि त्याच्यासाठी राज्याची दुसरीही नाही.

आता त्या सहीकडे यावे लागते. कंपनीला माणसे कमी करायची असतात तेव्हा कायदा मालकाकडून तीन गोष्टी मागतो: एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई, आणि सरकारला सूचना. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातून चालत आलेली ही तरतूद वर्षात २४० दिवस भरलेल्या प्रत्येक कामगाराला लागू होते. २४० हा आकडा कामगार वस्तीत शाळकरी पोरांनाही माहीत असतो, कारण 'ब्रेक' त्याच्याच भीतीने दिले जातात. हा सगळा खर्च आणि कटकट टाळायची तर सोपा उपाय एकच, कामगाराकडून राजीनामा लिहून घेणे. 'घरगुती कारणास्तव नोकरी सोडत आहे.' ही ओळ बहुतेकदा टाइप होऊनच समोर येते. सही केलीस तर हिशेब आज मिळेल, नाही केलीस तर बघू, असे सांगितले जाते. ज्याच्या घरात उद्याचा किराणा नाही, तो सही करतो. त्या एका ओळीने कपातीची भरपाई जाते. आणि अटल योजनेच्या नियमांत स्वतःहून नोकरी सोडणारा, स्वेच्छानिवृत्ती घेणारा, गैरवर्तनासाठी काढलेला, बेकायदा ठरलेल्या संपावरचा आणि टाळेबंदीतला असे सगळे अपात्र असल्यामुळे बेकारी भत्ताही जातो. चार दिवस लवकर मिळालेल्या आपल्याच पगाराच्या बदल्यात त्याने नव्वद दिवसांचा आधार सोडलेला असतो आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून कामगार संघटनांचे जुने कार्यकर्ते नव्या पोरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: राजीनाम्यावर सही करू नकोस, कामावरून कमी केल्याचे लेखी माग, ते मिळाले नाही तर कामावर यायला तयार असल्याचे पत्र स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. अशा एका पोस्टाच्या पावतीवर पुढे कामगार न्यायालयात 'नोकरी सोडली' की 'काढले' याचा वाद उभा राहू शकतो. पगारपत्रके, हजेरी कार्डे, गेटपासची छायाचित्रे, बँकेचे उतारे हे सगळे नोकरी चालू असतानाच जमा करून ठेवण्याचे कागद आहेत. आपला विमा क्रमांक कोणता, तो आधार आणि बँक खात्याशी जोडला आहे का, वर्गणी खरोखर जमा होते का, हे पाहायला मोबाइल पुरतो. पगारपत्रकावर कापलेले पैसे महामंडळात पोचलेच नाहीत, असे निघाले तर मालकाविरुद्ध तक्रार होते. पण नोकरी असतानाची तक्रार आणि नोकरी गेल्यानंतरची तक्रार यांच्या वजनात फार फरक असतो.

भत्त्यापलीकडेही काही पैसा कामगाराचा असतो. पाच वर्षे सलग झाली असतील तर १९७२च्या कायद्यापासून चालत आलेली ग्रॅच्युइटी. शेवटच्या मूळ वेतन-महागाईला २६ने भागायचे, १५ने गुणायचे, मग वर्षांनी. मूळ-महागाई १३ हजार आणि नोकरी सात वर्षे, तर ५२,५०० रुपये. राजीनाम्यानेही ही रक्कम जात नाही, हे ठळकपणे सांगायला हवे, कारण राजीनामा दिला म्हणजे ग्रॅच्युइटी नाही अशी समजूत अजूनही पसरवली जाते. दुसरा पैसा भविष्यनिधीचा. 'पीएफ काढला' हे वाक्य या शहरात नोकरी गेल्याच्या बातमीला जोडूनच येते. २०१८पासून एका महिन्याच्या बेकारीनंतर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेली रक्कम काढता येत होती. ऑक्टोबर २०२५मध्ये भविष्यनिधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ७५ टक्के लगेच आणि संपूर्ण रक्कम बारा महिन्यांनी, असा बदल ठरवला. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही म्हणून पूर्वी कित्येकांचे पैसे अडकत. २०२०पासून शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतःच ती तारीख भरू शकतो. पण पीएफ ही म्हातारपणाची पुंजी आहे. बेकारी विमा तोकडा पडतो म्हणून ती पस्तिशीतच मोडावी लागते. म्हातारपणी त्या घरात काय असेल, याचा विचार धोरण आखणाऱ्यांनी आज करायचा आहे.

कंपनीच बुडाली तर? २०१६च्या दिवाळखोरी संहितेत कंपनी मोडीत निघण्याच्या आधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने ठेवली आहेत आणि भविष्यनिधी, ग्रॅच्युइटी निधीचे पैसे वाटपातून बाहेर ठेवले आहेत. तरतूद चांगली आहे. पण तिचा लाभ घ्यायचा तर ठरलेल्या मुदतीत दावा दाखल करावा लागतो, आणि ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते.

महाराष्ट्राला याहून वेगळा विचार कधी सुचलाच नव्हता असे नाही. उलट तो सगळ्या देशाच्या आधी इथेच सुचला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी योजना आली. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्याची माणसे पाझर तलावांवर आणि रस्त्यांच्या खडीवर जगली, ती या विचाराच्या आधाराने. १९७७ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम मिळाले नाही, तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा, दिवसाला किमान एक रुपया. रक्कम क्षुल्लक होती, पण पात्रतेची अट बघा: आधी नोकरी होती का, ती कशी गेली, वर्गणी किती भरली, यातले काहीच त्या कायद्याने विचारले नाही. हात आहेत, काम हवे आहे आणि मिळत नाही, एवढे पुरेसे होते. २००५च्या केंद्रीय कायद्याने हीच कल्पना उचलली आणि भत्ता पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक-चतुर्थांश, त्यापुढे किमान निम्मा केला.

ही योजना चालवायला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. तो आजही वाळूजच्या पगारपत्रकावर आहे: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. म्हणजे शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या बेकाराला काम मिळावे म्हणून पन्नास वर्षे कर भरला. ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण त्याच नोकरदाराचे काम गेले तेव्हा त्याच्यासाठी त्या तिजोरीत काही ठेवलेले नाही. रोजगार हमी गावासाठी होती, विमा पर्मनंट कामगारासाठी होता, आणि गेल्या तीस वर्षांत या शहरात जो कामगार वाढला तो दोन्हींच्या मधला आहे. गावातून निघालेला आणि कंपनीत पुरता न पोचलेला.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत दर वर्षामागे १५ दिवसांची भरपाई कायम आहे. पण कपात किंवा बंदीआधी सरकारी परवानगी घेण्याचे बंधन आता १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनांपासून सुरू होते. वाळूज-चिकलठाण्यातले कितीतरी लघुउद्योग या रेषेच्या बरेच खाली आहेत. दुसऱ्या बाजूला, मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे आणि ते कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे, अशी नवी तरतूदही आली आहे. १५ हजार वेतनाच्या हिशेबाने ते साडेसात हजारांच्या आसपास होतात. शब्द इथेही तोच आहे, कपात. राजीनाम्यावर सही केलेल्याला तो निधी नाही. ठेकेदाराने उद्यापासून येऊ नकोस म्हणून फोनवर सांगितलेल्या पोराला तो मिळायचा, तर आधी कोणीतरी त्याच्या जाण्याला कपात म्हणून नोंदवले पाहिजे. ती नोंद करायला मालकाला भाग पाडणारा कामगार अधिकारी किती कारखान्यांत प्रत्यक्ष पोचतो, यावर या संहितेचा इथला उपयोग ठरणार आहे.